शेपू किती चालतो?

नगर जिल्ह्यातल्या मानसानं जेवनातनं किती इख पोटात घेतलं तर चालतं, हे ठरवनाऱ्यांत मी एक हाय. म्हंजे ठरवनारे टेबलाला बसायचे, आन मी टेम्पो चालवायचो, वजनाचा काटा उचलून आत न्यायचो आन दारातलं कुत्रं हाकलायचो.

आमच्या गावात, कर्जतच्या अलीकडं, मला अजून इखवाले नाना म्हनत्यात. लग्नात पंगतीला बसलो की शेजारचा मानूस ताटाकडं बोट दावून इचारतोच, "नाना, ह्यात किती हाय?" मी म्हनतो, "तू किती खानार त्याच्यावर हाय." लोक हसत्यात. त्यांना वाटतं नानानं इनोद केला. खरं तर आमचं सगळं काम ह्या एका वाक्यात येतं. ते वाक्यबी माझं न्हाई, वर्षा मॅडमचं हाय.

दिवाळी अंकवाले म्हनले, नाना, नोकरीतलं काय तरी लिहा. मी म्हनलं, मला सही येती, तेवढी छापा. मंग सूनबाई मोबाईल घेऊन बसली आन मी बोलत गेलो. मधीच ती म्हनती, "मामा, हे असं शोभत न्हाई." मी म्हनतो, शोभायचं असतं तर चौथीतनं घरी कशाला बसलो असतो.

तर काम सांगतो. पुन्याची एक संस्था हुती, वर्षा मॅडम तिच्यातल्या मोठ्या. मानूस जेवतो तवा भाकरीसंगं बाकीचंबी पोटात जातं. मातीतलं, पान्यातलं, धुरातलं. शिसं म्हना, पारा म्हना. कोन मुद्दाम घालत न्हाई, ते आपलं आपलं भाजीत येऊन बसतं. समदंच काडून टाकायचं म्हनलं तर मानसानं उपाशी ऱ्हावं लागंल. मंग एक रेघ मारायची. हितपर्यंत असलं तर माल विकू द्यायचा, वर गेलं की न्हाई. ती रेघ कुठं मारायची त्याला दोन गोष्टी लागत्यात. पहिली, अंगाच्या वजनाला किलोमागं किती सोसतं. ते मोठे डॉक्टर काडत्यात, आन जे निघंल त्याच्याबी लई खाली थांबत्यात, कारन लेकरू, म्हातारं, पोटुशी बाई, सगळ्यांची अंगं सारखी नसत्यात. दुसरी गोष्ट, मानूस ती भाजी खातो किती. महिन्यातनं एकदा खानारा निराळा आन रोज खानारा निराळा. हे दुसरं पुन्यात बसून कळत न्हाई. त्याला लोकांच्या चुलीपाशी जावं लागतं. तिथं माझा टेम्पो लागायचा.

किलोमागं हिशेब असतो हे जवा मला कळलं, तवा मी घरी जाऊन मंडळीला सांगितलं, "ह्या घरात सगळ्यात जास्त इख मला चालतं. वजन माझं जास्त हाय." ती म्हनली, "बरं झालं सांगितलं. आजपास्नं करपलेली भाकर तुमालाच." आन तसंच चालू झालं. अजून चालू हाय.

सुरवातीला आमी नुसतं तोलायचो. मानूस जेवायला बसला की भाकर काट्यावर, आमटी वाटीनं, आन उरलेलं परत काट्यावर. दिसायला सोपं. खर्ड्याला दामूआबा म्हनून एक गडी हुते. मिशा अशा की आमटी गाळून आत जायची. आबा जेवायला बसले, मी काटा मांडला, आन किल्ल्याकडं निघालेली चार पोरं बगायला थांबली. आबांनी दोन भाकरी खाल्ल्या. मंग काट्याकडं बगितलं, पोरांकडं बगितलं, आन तिसरी मागितली. मंग चौथी. घरातली बाई आतनं म्हनाली, "आवो, रोज दोनात हात धुता की." आबा म्हनले, "तू गप वाढ." सातवीला आबांच्या डोळ्यांत पानी आलं. दुसऱ्या दिवशी त्यांना दवाखान्यात न्यायला माझाच टेम्पो.

मॅडमनी मला बाजूला घेतलं. "बबनराव, तुम्ही त्यांना आधी काही बोलला होतात का?"

"काय न्हाई मॅडम. मागल्या गावात एक जन सहा खायचा, येवढंच सांगितलं."

मॅडम म्हनल्या, "हे जेवण आपल्याला धरता येणार नाही." मी म्हनलं, "आबांनाबी धरता आलं न्हाई."

बायांचं उलटं. काटा बगितला की बाई चिमनीवानी खानार. अर्धी भाकर, जरा कालवन, "बास, मला लागतंच किती." आन आमी काटा गुंडाळून टेम्पोत बसलो की मंग चुलीम्होरं उभ्या उभ्या खरं जेवन. तोलून येतं ते काट्याला दाखवायचं जेवन असतं, हे मॅडमना कळायला एक हंगाम गेला. मला पहिल्या दिवशीच कळलं हुतं, कारन मी बी मंडळीम्होरं साखर तशीच खातो. पन मला कोन इचारलं न्हाई आन मी बी सांगितलं न्हाई. मला वाटलं ते त्यांना ठाऊक असंल.

मंग मॅडमनी दुसरी रीत काडली. तोलायचंच न्हाई. घरातलं एक मानूस दिवसभर जे खाईल, तेवढंच आन तसंच एका डब्यात घालायचं. सकाळचं चहा-बटर, दुपारची भाकर-भाजी, मधीच तोंडात टाकलेले दाने, समदं. म्हंजे त्या मानसाचं दुसरं ताट. तो डबा बरफात घालून पुन्याला न्यायचा, तिथं मोठ्या मिक्सरला सगळं एक करायचं आन त्यात काय हाय ते तपासायचं. एका दमात दोन गोष्टी कळत्यात, काय खाल्लं आन त्यातनं काय गेलं.

ही रीत घेऊन आमी नगरच्या पलीकडं ओढ्याकाठच्या एका गावात गेलो. नाव सांगत न्हाई, लोकांचा बाजार हाय. पालेभाज्यांचं गाव. मेथी, शेपू, पालक, कोथिंबीर. पहाटं टेम्पो भरून नगरला माल जायचा. ओढ्याच्या वरल्या अंगाला जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायचा एक कारखाना हुता. आमी गेलो तवा त्याला कुलूप लागलं हुतं, पन जे सांडायचं ते सांडून गेलं हुतं. मॅडमना शंका तीच.

त्या गावात हिराबाई. नवरा जाऊन बरीच सालं झालेली, सासरे तात्या आन ती, दोघंच. ओढ्याच्या काठाला शेपूचे वाफे, वर विहिरीजवळ कोथिंबीर. बाई बोलायला कोयत्यासारखी. तिची एकुलती पोरगी सुनीता पहिल्या बाळंतपनाला माहेरी आल्ती. लेकरू महिन्याचं. मॅडमनी मुद्दाम ते घर धरलं. टेम्पोत मला म्हनल्या, "बबनराव, आईच्या पोटात जे जातं ते दुधातून थोडंफार बाळापर्यंत पोचतं. आणि बाळाचं वजन किती? त्याला किलोमागं सोसणार किती? या गावात माझं सगळं लक्ष त्या घराकडे आहे. ते ताट चुकता कामा नये."

मी म्हनलं, "न्हाई चुकायचं मॅडम. मी हाय न्हवं."

मारुतीच्या देवळाम्होरं बाया गोळा केल्या. मॅडमनी समजावून सांगितलं. दुसरं ताट, तेवढंच, तसंच, सगळं. कुनाच्याच तोंडावर काय हालेना. एक म्हनली, "म्हंजे आमी दोनदा जेवायचं व्हय?" दुसरी म्हनली, "अगं, ते नेनार हायत जेवन. पुन्यात महागाई लई हाय." मॅडम परत सांगायला लागल्या तसा मी उठलो. टोपी सरळ केली आन म्हनलं, "आवो, आपन जेवायच्या आदी देवाला निवद दाखवतो का न्हाई? देवाचं एक ताट वाढतो न्हवं? तसंच ह्या डब्याचं वाढायचं. झालं."

लगेच सगळ्या माना हालल्या. "असं व्हय. मंग असं सांगायचं की." मॅडमबी खूश. "छान समजावलंत, बबनराव." त्या दिवशी मी टेम्पो जरा ताठच बसून चालवला.

दुसऱ्या दिवसापास्नं डबे यायला लागले. काय डबे. पुरनपोळी, भात, वरन, त्याच्यावर तुपाची धार. एकीनं लाडू घातलेला. मॅडम डबा उघडून बगायच्या आन बुचकळ्यात पडायच्या.

"बबनराव, या गावात कांदा-लसूण कोणीच खात नाही का?"

"माळकरी असत्याल मॅडम."

"सगळेच?"

"गाव चांगलं हाय."

"आणि हे प्रत्येक ताटावर तुळशीचं पान?"

"खोकल्याला लई गुनकारी असती."

"पालेभाजी कुठंच नाही. पालेभाजीच्या गावात?"

"पिकवून पिकवून मन मरतं मॅडम. बगूशी वाटत न्हाई."

मॅडम मान हालवायच्या. मी येवढं ठाम बोलायचो की मलाबी ते खरं वाटायला लागलं. सुनीताच्या डब्यात खीर-पुरी यायची. मी मनात म्हनलं, बाळंतिनीची चैन हाय. आता बगा, ते डबे तसेच हिशेबात धरले असते तर कागदावर काय आलं असतं? ओढ्याकाठची मानसं पालेभाजीला तोंड लावत न्हाईत. मंग भाजीत शिसं जरा जास्त असलं तर कुनाचं काय बिघडतंय? ती पोरगी तिकडं जे खात हुती ते खातच ऱ्हायली असती, आन वर आमचा शिक्का, की हिला काय धोका न्हाई.

तात्यांमुळं वाचलो. हिराबाईचे सासरे रोज मला वाटंत गाठायचे आन इचारायचे, "परसाद कवा वाटनार?" मला वाटायचं म्हातारा भरमिटलाय. मी म्हनायचो, "पुन्याला गेलाय तात्या." ते म्हनायचे, "तिकडं वाटत्यात व्हय? निवद आमच्या घरचा आन परसाद पुन्याला?" शेवटी एक दिवस मॅडमच टेम्पोतनं खाली उतरल्या तवा तात्यांनी त्यांनाच धरलं.

"बाई, निवद रोज जातोय. परसाद एकदाबी माघारी आला न्हाई. आमचं काय चुकलं का?"

"कसला नैवेद्य?" मॅडम म्हनल्या.

मी टेम्पोचं टायर बगायला लागलो.

मॅडम तशाच हिराबाईच्या घरात शिरल्या, मी मागनं. आत बाजेवर सुनीता बसल्ती, मांडीवर लेकरू. म्होरं ताट. बाजरीची भाकर आन शेपू. लसनाची फोडनी, भरपूर शेपू. चुलीपाशी आमचा डबा, त्यात खीर-पुरी, वर तुळशीचं पान, आन डब्याभवती पान्याचं बोट फिरवलेलं.

मॅडम खालीच बसल्या. "सुनीता, तू रोज काय जेवतेस?"

सुनीतानं आईकडं बगितलं. हिराबाई म्हनली, "बाळंतिनीला काय देत्यात मॅडम? शेपू. सकाळी शेपू, सांजच्याला शेपू. कंबर धरती, दूध उतरतं. आमच्यात सगळ्याच देत्यात."

"मग डब्यात हे?"

"देवाच्या ताटात लसनाची भाजी कशी घालायची? तुमच्या नानानीच सांगितलं, निवद दाखवता तसं." आन माझ्याकडं वळून म्हनली, "रोज पहाटं उठून पुऱ्या तळते मी. बाजार सांभाळून. तुमच्या डब्यापायी."

गावातला एकूनएक डबा तसाच निघाला. सगळं परत करायचं ठरलं. मॅडम मला म्हनल्या, "आता तुम्ही समजावू नका." पन त्या फोनवर गेल्या आन बाया माझ्याकडं बगायला लागल्या. मी म्हनलं, "निवद न्हाई बरं का. गाईला घास टाकतो ना, तसं समजा." दुसऱ्या दिवशी डब्यात शिळ्या भाकरीचे तुकडे आन भोपळ्याच्या साली.

हिराबाईनं कपाळाला हात लावला. म्हनली, "नाना, देव झाला, गाय झाली, आता मानसाचं सांगा की. पोरीच्या ताटात जे पडंल तेच ह्या डब्यात. पोरगी चार घास खाती, डब्यात चार घास. येवढंच हाय ना?"

"येवढंच हाय," मी म्हनलं.

"मंग येवढं सांगायला तुमाला एक देव आन एक गाय लागली."

डबे नीट गेले. त्यासंगं वाफ्यातला शेपू, ओढ्याचं पानी, मातीबी गेली. मी रोज निघताना हिराबाई शेपूची एक जुडी माझ्या केबिनमधी टाकायची. मी ती घरी न्यायचो आन पोटभर खायचो.

मंग बरेच दिवस काय कळलं न्हाई. एक दिवस मॅडम सकाळीच आल्या, बरोबर कोन न्हाई. टेम्पोत म्होरं बसल्या आन म्हनल्या, "हिराबाईंकडे चला." गावाजवळ आलो तसं म्हनल्या, "शेपूत शिसं आहे. बरंच आहे. कोथिंबीर ठीक आहे, ती विहिरीवर आहे. खरं तर सगळे कागद पुरे होऊन रेघ ठरवणाऱ्या समितीपुढे गेल्याशिवाय मी कुणाला काही सांगायचं नसतं."

"मंग आपन कशाला निघालोय?"

"ते बाळ आहे म्हणून. आणि बबनराव, तुम्ही बोलू नका."

मी मान हालवली. मान हालवायला काय लागतं.

हिराबाई वाफ्यातच हुती. माल काडायला आलता, दुसऱ्या दिवशी बाजार. सुनीता लेकराला घेऊन ओट्यावर, तात्या बाजंवर. मॅडमनी सरळ सांगितलं. ओढ्याच्या पान्यात आन मातीत शिसं हाय, ते शेपूत उतरलंय, सुनीतानं आजपास्नं हा शेपू खायचा न्हाई.

"मी तीन पान्यानं धुते," हिराबाई म्हनली.

"धुतल्यानं वरची माती जाते ताई. पानाच्या आत गेलेलं जात नाही."

सुनीतानं लेकराला छातीशी धरलं. "मॅडम, दूध पाजू का नको?"

"पाज. दूध बंद करायचं नाही. तुझ्या ताटातला शेपू बंद करायचा. आणि दोघांचं रक्त तपासून घेऊ."

पोरीचं तोंड उतरलं. मला ते बगवेना. मी म्हनलं, "आगं, भ्यायचं कारन न्हाई. थोडं थोडं चालतं. सगळ्याला हद्द असती. आमचं कामच ते हाय, हद्द ठरवायचं."

हिराबाईनं हातातली जुडी खाली ठेवली. "मंग सांगा की नाना. किती चालतं? एक मूठ? दोन घास? महिन्यातनं एकदा? तुमी ठरवता ना. माझ्या पोरीला किती चालतं ते सांगा, मी तेवढंच घालते."

मी मॅडमकडं बगितलं. इतकी सालं काटा उचलला, इतक्या चुली बगितल्या, लग्नाच्या पंगतीत इतकं बोललो, आन हे कवा इचारलंच न्हाई.

मॅडम म्हनल्या, "ताई, खरं सांगते. शिशाला पूर्वी एक हद्द दिलेली होती, इतकं पोटात गेलं तर चालेल म्हणून. मग ज्यांनी दिली त्यांनीच ती काढून घेतली. कारण इतक्यापर्यंत बाळाला काहीच होत नाही असं त्यांना कुठंच सापडेना. लहान मुलाच्या मेंदूवर ते काम करतं. म्हणून कमी तेवढं बरं, एवढंच मी सांगू शकते."

"म्हंजे हद्दच न्हाई."

"शिशाला नाही."

"आन मंग बाजारात? तिथं तर रेघ मारनार हायत म्हनला हुता."

"बाजारातल्या मालाला रेघ लागते. कुठंतरी थांबवावं लागतं. तिथं सगळ्या माणसांचा विचार करतात. बहुतेक माणसं शेपू कधीतरी, थोडासाच खातात, त्या हिशेबानं..."

"मॅडम," हिराबाई म्हनली, "शेपू कधीतरी खानारी मानसं माझ्याकडनं घेतच न्हाईत. त्यांना वास सोसत न्हाई. माझ्याकडं बाया येत्यात, म्हनत्यात, मावशी, घरात बाळंतीन हाय, कवळा बगून द्या. मी कवळा बगून देते."

मॅडमनी वहीत काय तरी लिहून घेतलं. मी गप झालो. माझ्या बाबतीत ते जरा येगळंच वाटलं असंल, कारन तात्यांनी डोळे उघडून बगितलं.

हिराबाई परत वाफ्यात गेली आन खाली वाकून शेपू उपटायला लागली. जुड्या बांधायला न्हाई, नुसता उपटून बांधावर टाकायचा.

"आई, उद्याचा बाजार?" सुनीता म्हनली.

"उद्या बाजार न्हाई."

तात्या उठून बसले. "आगं, उभा माल हाय. मॅडम म्हनल्या ना, अजून समिती बसायची हाय. ती ठरवंल तवा ठरवंल. तवर..."

"तवर काय? आपल्या पोरीला न्हाई आन लोकांच्या पोरीला द्यायचा? मामंजी, तुमी पडा जरा."

मला वाटलं आपनबी हात लावावा. मी धोतर खोचलं आन दुसऱ्या अंगानं उपटायला लागलो. चांगला अर्धा वाफा साफ केला तवा हिराबाईचा आवाज आला, "नाना, ती कोथिंबीर हाय. विहिरीवरची."

रक्त तपासायला दोघी मायलेकींना माझ्याच टेम्पोतनं नेलं. व्हय, लेकरू मुलगी हुती, नाव राधा ठेवलं. सारा रस्ता मीच बोलत हुतो. तिला हसवायला दामूआबांच्या भाकरीचं सांगितलं. ती हसली न्हाई, म्हनली, "त्यांना काय झालं न्हाई ना पुढं?" तवा मला कळलं की हिला आता सगळ्या जेवनाची भीती बसली.

दोघींच्या रक्तात शिसं सापडलं. औषध द्यावं इतकं न्हवतं. डॉक्टर म्हनले, जिथनं येत हुतं ते बंद झालंय, आता आईला दूध, डाळ, चांगलं खाऊ घाला आन परत तपासू. परत तपासलं तवा उतरलं हुतं. शून्य झालं का म्हनून हिराबाईनं इचारलं. मॅडम म्हनल्या, शून्य हल्ली फारसं कुनाचं येत न्हाई. हिराबाई म्हनली, "मंग तुमचं लई काम शिल्लक हाय."

मी घरी येऊन मंडळीला शेपूचं सगळं सांगितलं. ती म्हनली, "मंग त्या जुड्या?" मी म्हनलं, "खाल्ल्या." ती म्हनली, "मी तर खाल्ल्या न्हाईत, मला वास सोसत न्हाई. तुमाला किलोमागं जास्त चालतं म्हनला हुता, म्हनून सगळ्या तुमालाच वाढल्या."

समितीच्या एका बैठकीला मॅडमना घेऊन मी पुन्याला गेल्तो. दाराबाहेर स्टुलावर बसलो, दार अर्धं उघडं. आत शेपूवर बोलनं चाललं हुतं. एक जन म्हनला, "सरासरी माणूस शेपू किती खातो?" दुसरा म्हनला, "शेपू आवडतो कुणाला?" समदे हसले. वर्षा मॅडम म्हनल्या, "बाळंतिणीला आवडीचं कोणी विचारत नाही. तिला दोन वेळा वाढतात." मंग चहा आन बिस्किटं आत गेली. ती कोन तोलली न्हाईत. पुढं बाळंतिनींचं खानं निराळं धरायचं असं ठरलं म्हनून ऐकलं. रेघ कुठं मारली ते मला कळलं न्हाई. तवर माझे गुडघे गेले आन काटा दुसऱ्यानं उचलायला घेतला.

एक गोष्ट मात्र पंगतीत सांगायची हिंमत हुत न्हाई. त्या वाफ्यातला शेपू कारखाना चालू असल्यापास्नं नगरला जात हुता. कवळा बगून. तो कुनाकुनाच्या घरी गेला, कुठल्या बाळंतिनीनं खाल्ला, त्या लेकरांचं पुढं काय झालं, हे आता कोन सांगू शकत न्हाई. त्यांचं दुसरं ताट आमी भरलंच न्हाई.

ह्या दसऱ्याच्या आदी त्या बाजूला एका लग्नाची बोलनी हुती, म्हनून हिराबाईकडं वाकडी वाट करून गेलो. ओढ्याकाठच्या वाफ्यांत आता शेवंती हाय. पिवळी, पांढरी. बाजार तोच, माल निराळा, फूल कोन खात न्हाई. तात्या गेले. सुनीता सनाला आल्ती, राधा अंगनात कोंबडीमागं पळत हुती आन कोंबडीला शिव्या देत हुती. अगदी आजीसारख्या. शाळेत जाती, चांगलं चाललंय म्हनाली सुनीता, अजून सालाला एकदा तपासून आनते.

शेजारच्या दोघी-तिघी शेवंती तोडायला आल्त्या. मी चहा घेत घेत त्यांना सांगायला लागलो. कसं हे गाव आमी धरलं, कसं शिसं शोधून काडलं, कसं ह्या लेकराला वाचवलं. आता दिवाळीच्या अंकात छापून येनार हाय, हेबी सांगितलं. बाया तोडायच्या थांबून ऐकत हुत्या. मला जरा चढलंच.

हिराबाई परडीत फुलं टाकत हुती. मान वर न करता म्हनली, "नाना, शिसं मॅडमनी शोधलं. वाफा मी उपटला. तुमी काय केलं?"

मी इचार केला. म्हनलं, "टेम्पो चालवला."

"मंग तेवढंच छापा," ती म्हनली.